नर्स मिळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांसाठी

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, नर्सिंग कॉलेजांच्या सभागृहांत मेणबत्त्या पेटतात, शपथ होते आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेले डॉक्टर किंवा आमदार भाषणात एक वाक्य हमखास टाकतात : ‘नर्सिंग केलेली मुलगी कधी घरी बसत नाही.’ मागच्या रांगांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुली मनापासून टाळ्या वाजवतात. त्यांनी अजून अर्ज करायला सुरुवात केलेली नसते.

वाक्य नुसतंच खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. पण त्याच्या पोटात एक आरोप दडलेला आहे. कुणीच घरी बसत नसेल, तर जी बसली आहे तिचंच काहीतरी चुकत असणार. मग रुग्णालय चालवणारे, भरती करणारे आणि कधी कधी निवृत्त मेट्रनसुद्धा त्या चुका सांगू लागतात. या मुलींना अनुभव नाही, यांना काही येत नाही, यांना पहिल्या दिवसापासून पगार हवा, यांना तालुक्याला जायला नको. ही तक्रार आता इतकी रुळली आहे की तिला कुणी उलट प्रश्नही विचारत नाही.

वॉक-इन मुलाखतीची एक सकाळ पाहावी. मुलीच्या हातात बटणाची प्लास्टिकची फाइल असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, हिपॅटायटिस बी लशीचा दाखला, पासपोर्ट फोटो, आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स. पहाटेची एसटी पकडून ती दहाच्या आत पोचलेली असते. साडेबाराला नाव पुकारतात. टेबलापलीकडचा माणूस फाइल उघडतही नाही. ‘एक्सपीरियन्स?’ ‘फ्रेशर आहे सर.’ ‘बायोडेटा ठेवून जा, कळवतो.’ झाली मुलाखत. तिला सलाइन लावता येतं का, ऑक्सिजनवरच्या पेशंटकडे ती काय काय बघेल, हे विचारलंच जात नाही. ‘यांना काही येत नाही’ हा निष्कर्ष निघतो तो असा, फाइल न उघडता.

आता तुटवड्याच्या आकड्यांकडे. ते खोटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिका कमी होत्या. भारतात हजार लोकांमागे १.९६ परिचारिका आहेत असं केंद्र सरकारने काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं. अपेक्षा तीनची आहे. मात्र हा १.९६ चा आकडा कशातून आला ते जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. तो नोंदणीकृत परिचारिकांच्या संख्येतून काढलेला आहे, आणि ती संख्या तेव्हा ३३ लाखांच्या वर होती. नोंदणी करून आखातात गेलेली, लग्नानंतर काम सोडलेली आणि फाइल घेऊन पायऱ्या झिजवणारी, अशा सगळ्या त्या यादीत आहेत. म्हणजे जिला नोकरी नाही तीही देशाच्या हजारी प्रमाणात मोजली गेली आहे. कागदावर ती सेवेत आहे, प्रत्यक्षात बसथांब्यावर.

शिवाय गरज आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात भुकेली माणसं किती, यावरून खानावळीत पानं किती मांडली ते कळत नाही. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तीस खाटांच्या वॉर्डाला त्यामुळे तिन्ही पाळ्या मिळून दहा, आणि रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के राखीव धरून तेरा जणी लागतात. रात्रपाळीला निदान तिघी तरी हव्यात. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता जाऊन मोजावं. टेबलाशी एक सिस्टर असते. दुसरी असलीच तर ती शेजारच्या वॉर्डाचंही बघत असते. उरलेल्या जणी कुठे आहेत? त्या जन्माला आलेल्या नाहीत असं नाही. त्यांची पदं मंजूर नाहीत, किंवा मंजूर असून भरलेली नाहीत.

पदं भरली का जात नाहीत, याचा इतिहास फार जुना शोधावा लागत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा झाल्या, पेपरफुटीत अडकल्या आणि पुढे रद्द झाल्या. नवी जाहिरात आली ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये, १०,९४९ पदांची. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार रुपये आणि राखीव प्रवर्गाला नऊशे. मधल्या काळात पास झालेल्या मुलींनी काय करायचं होतं? मे २०२२ च्या शेवटी सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी राज्यभर काम बंद केलं, तेव्हा त्यांचा मुख्य विरोध होता खासगी एजन्सीमार्फत परिचारिका भरण्याला. नोकरीत असलेल्या बायका नोकरीत नसलेल्यांसाठी रस्त्यावर आल्या होत्या, असं त्याचं वर्णन केलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि आरडाओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. मागे घेतलेल्या निर्णयाच्या जागी कायम पदं उगवत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

कोविडच्या काळातली एक गोष्ट इथे आठवते. मे २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे तत्कालीन प्रमुख डॉ. तात्याराव लहाने यांनी केरळला पत्र लिहून मुंबईसाठी ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या. परिचारिकेला महिना ३० हजार रुपये देऊ केले होते. केरळकडे मदत मागण्यात कमीपणा काहीच नाही. मुद्दा एवढाच, की निकड पडली तेव्हा ३० हजार ही रक्कम लगेच सुचली, अनुभवाची अटही सैल झाली, आणि तात्पुरत्या उभारलेल्या केंद्रांमध्ये नवख्या मुलींनी पीपीई किट घालून पाळ्या केल्या. लाट ओसरली, केंद्रं बंद झाली, कंत्राटं संपली. ज्यांना तेव्हा ‘कोविड योद्धा’ म्हणून प्रशस्तिपत्रक मिळालं, त्यांतल्या कितीतरी जणी पुन्हा ‘बायोडेटा ठेवून जा’वर आल्या.

आता अनुभवाची अट. हा त्या सगळ्या तक्रारीचा कणा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबावं लागेल.

जीएनएमच्या तीन वर्षांतला मोठा भाग वॉर्डात जातो, शेवटचे सहा महिने तर इंटर्नशिपचेच. बीएस्सी नर्सिंगच्या सत्र पद्धतीत शेवटच्या सत्रात सुमारे २२ आठवडे इंटर्नशिप असते. या काळात विद्यार्थिनी नुसत्या उभ्या राहून बघत नाहीत. सकाळच्या पाळीत बेड लावणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं, स्पंजिंग, ड्रेसिंगचा ट्रे तयार करणं, सलाइन बदलणं, इनटेक-आउटपुट लिहिणं, सँपल लॅबला पोचवणं ही कामं कोण करतं, ते ज्यांनी अध्यापन रुग्णालयात दोन दिवस नातेवाईक म्हणून काढलेत त्यांना विचारावं. विद्यार्थिनी परीक्षेच्या सुट्टीवर गेल्या की वॉर्ड लंगडा होतो आणि इन्चार्ज सिस्टरच्या कपाळावर आठ्या येतात. रुग्णालयाला मनुष्यबळ हवं असतं तेव्हा तो अनुभव असतो. तीच मुलगी नोकरी मागायला आली की तो अनुभव नसतो. एमबीबीएसच्या मुलाने वर्षभर केलेली इंटर्नशिप त्याच्या शिक्षणाचा आणि कामाचा सन्मान्य भाग मानली जाते, तिचं विद्यावेतन मिळतं, ते वाढावं म्हणून संपही होतात. नर्सिंगच्या मुलीची इंटर्नशिप मात्र हवेत विरते.

बरं, अनुभव मिळवायचा म्हटलं तरी कुठला चालतो? एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठीची नॉरसेट परीक्षा बघावी. बीएस्सी झालेल्या मुलीला ती नोंदणी होताच देता येते. जीएनएम झालेल्या मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पन्नास खाटांच्या आणि त्याहून मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत ‘किमान एक-दोन वर्षं अनुभव’ असं छापलेलं असतं. म्हणून ती तालुक्याच्या गावी पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये लागते. तिथे दोन वर्षं डबल ड्युट्या करते, डिलिव्हरीला हात लावते, ओटीत उभी राहते, रात्री एकटीने डॉक्टरला फोन करून पेशंटची अवस्था सांगते. दोन वर्षांनी फॉर्म भरायला बसते तेव्हा कळतं की पंधरा खाटांवरची दोन वर्षं पन्नास खाटांच्या हिशेबात शून्य. त्यातून काही ठिकाणी अनुभवाचा दाखलाच मिळत नाही, कारण पगार रोखीने दिलेला असतो आणि हजेरीपटावर तिचं नाव नसतं.

दात आहेत तर चणे नाहीत, अशी ही गत. आणि गंमत अशी की सल्ला देणारे तिला म्हणतात, ‘सुरुवातीला छोट्या ठिकाणी काम करायला काय हरकत आहे?’ हरकत तिला नव्हतीच. नियमाला होती.

‘यांना काही येत नाही’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही मुलींना खरंच शिरेत कॅन्युला नीट घालता येत नाही, मॉनिटरवरचं बघून काय धोका आहे ते सांगता येत नाही. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. तो कसा पाळला जातो हे शेजारच्या मध्य प्रदेशाने देशाला दाखवलं. तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली, आणि पहिल्या अहवालात १६९ योग्य, ७४ त्रुटींची आणि ६५ अयोग्य ठरली. पुढे मे २०२४ मध्ये या तपासातल्याच सीबीआय अधिकाऱ्याला लाच घेताना अटक झाली, तेव्हा ती १६९ कितपत योग्य होती हाही प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रातली सगळीच कॉलेजं तशी आहेत असं म्हणणं अन्याय होईल. पण तपासणीच्या दिवशी भरलेल्या आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या दिसणाऱ्या खाटांच्या गोष्टी इथल्या विद्यार्थिनींनाही ऐकून माहीत आहेत.

मग कौशल्याच्या कमतरतेचा दोष कुणाचा? कॉलेजला मान्यता देणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा, फी घेणाऱ्याचा. त्यांच्यापैकी कुणाचीही नोकरी जात नाही. घरी बसते ती फी भरलेली मुलगी. आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांशेजारी आणखी १५७ नर्सिंग कॉलेजं काढायला मंजुरी दिली : खर्च १,५७० कोटी, दरवर्षी १५,७०० नव्या पदवीधर. खाटांशेजारी कॉलेज काढणं चांगलंच. त्या निर्णयाबरोबर किती नवी पदं निर्माण होणार, हा प्रश्न मात्र मागच्या रांगेत बसलेल्या मुलींनीच विचारायचा.

नवख्या माणसाला कामात रुळवण्याची जबाबदारी मालकाची असते, ही कल्पना काही परग्रहावरची नाही. ब्रिटनमध्ये नव्याने पात्र झालेल्या परिचारिकेला पहिले काही महिने अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली काम करू देण्याची रीत आहे. तिथेही २०२५ मध्ये पदव्या घेऊन बाहेर पडलेल्यांना जागा मिळेनात अशी वेळ आली, कारण रुग्णालयांचं अंदाजपत्रक आवळलं होतं. सरकारने त्या ऑगस्टमध्ये इंग्लंडसाठी पदवीधर परिचारिकांना कामाची हमी देणारी योजना जाहीर केली. ती कितपत पुरी पडते ते पुढे दिसेल. पण परिचारिकांची जगभर टंचाई असताना नव्या परिचारिका बेकार राहू शकतात, हे तिथे निदान मान्य झालं. इथे अजून ‘मुलीच चोखंदळ झाल्यात’वर गाडी अडलेली आहे.

पगाराचं बघू. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या अवस्थेबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने सुचवलं की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार असावा, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के आणि ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांच्या खाली जाऊ नये. केरळात परिचारिकांनी संप केले, भांडल्या, आणि २०१८ मध्ये २० हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना मिळवली. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. खासगीत नवख्या मुलीला दहा-बारा हजार सांगितले जातात, त्यातून मेसचे पैसे कापून. एवढ्यावर तिने नाराजी दाखवली की ती ‘पगार मागणारी’ ठरते. रोज डबल ड्युटी करणाऱ्या मुलीने महिनाअखेरीस पगार मागावा, यात नवल ते काय?

शिवाय बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार. शिकवलं तर सोडून जाईल, म्हणून मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घ्यायची, ही रीत जुनी आहे. २०११ च्या ऑक्टोबरात मुंबईत एका तरुण केरळी परिचारिकेच्या आत्महत्येनंतर तिच्या सहकारिणी संपावर गेल्या तेव्हा मुद्दा हाच होता, बाँडचा आणि अडकवलेल्या कागदांचा. मुलगी टिकत नाही ही तक्रार करायची, आणि टिकवण्यासाठी पगार न वाढवता कुलूप वाढवायचं, हा न्याय कुठला?

या साऱ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. कितीतरी लहान रुग्णालयांत पांढऱ्या किंवा आकाशी कोटातली ‘सिस्टर’ ही सिस्टर नसतेच. ती दहावी-बारावी झालेली, तिथेच हाताखाली शिकलेली मुलगी असते. सहा-सात हजारांत मिळते, नोंदणी नाही म्हणून कुठे जाऊही शकत नाही. तिच्याविषयी तक्रार नाही. तीही पोटासाठीच आलेली आहे आणि तिची पिळवणूक दुप्पट आहे. पण १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण मागतो. त्याची अंमलबजावणी करू म्हटलं की ‘पात्र नर्स मिळत नाहीत’ असं उत्तर येतं. मिळत नाहीत की त्या पगारात मिळत नाहीत? रांगेत फाइल धरून उभ्या असलेल्या मुलींकडे बघून हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं.

उरतो शेवटचा सल्ला : परदेशी जा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते. खेड्यातून आलेल्या मुलीला त्यासाठी शहरात राहून वर्षभराहून अधिक काळ शिकावं लागतं. आखातातल्या बहुतेक जागांना अनुभव लागतोच, म्हणजे पुन्हा तोच फेरा. ज्या मुलीला स्वतःच्या जिल्ह्यात पहिली नोकरी मिळत नाही तिला ‘जग तुझी वाट बघतंय’ म्हणणं हा विनोद आहे, आणि तो करणाऱ्यालाच हसू येतं.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नांनी मुली, त्यात विधवाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या, तेव्हा लढाई घरच्यांशी होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारं काम भल्या घरच्या बाईने करायचं नाही, हा तेव्हाचा आक्षेप. आज घरचे कर्ज काढून पाठवतात, मुलगेही ‘ब्रदर’ व्हायला येतात, जरी नॉरसेटमध्ये त्यांच्यासाठी जागा २० टक्केच असल्या तरी. शंभर वर्षांत घरांनी दार उघडलं. रुग्णालयांचं अजून अर्धंच उघडलं आहे.

मागण्या काही अवघड नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेतली इंटर्नशिप अनुभव म्हणून धरावी. नोंदणीकृत छोट्या रुग्णालयातला अनुभव, हजेरी आणि पगाराची नोंद असेल तर, खाटा न मोजता धरावा. मंजूर पदं दर वर्षी, ठरल्या महिन्यात भरावीत. आणि नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना खाटांबरोबर परिचारिकांचे नोंदणी क्रमांकही मोजावेत.

हे सरकार कधी करील ते करील. वाचकाला आजही एक करता येतं. पुढच्या वेळी घरातलं माणूस रुग्णालयात दाखल कराल तेव्हा खोलीचं भाडं, एसी आणि जेवण यांची चौकशी झाल्यावर काउंटरवर आणखी एक प्रश्न विचारा : रात्री इथे नोंदणीकृत नर्स किती असतात? सिस्टरला विचारू नका, मालकाला विचारा.